कमी दाबाचा पाऊस

भादव्यातला मंगळवार होता. कोसमटोल्याचा तलाव काठोकाठ भरायला वीतभर उरला होता, आणि पाणकर देवाजी मोहुर्ले पत्रूच्या दुकानापुढच्या फळीवर बसून दुपारच्या बातम्या ऐकत होता. पाणकर म्हणजे तलावाचा राखणदार. कोणाच्या बांधीला, म्हणजे धानाच्या शेताला, कधी पाणी सोडायचं, किती सोडायचं, कधी बंद करायचं हे त्याने बघायचं. धानाला पाणी पोचलं तर त्याला कोणी विचारत नाही, नाही पोचलं तर गावातलं कोंबडंसुद्धा विचारतं. देवाजीच्या घरात हे काम आज्यापासून चालत आलेलं. साठीला टेकला तरी अजून तोच पाण्यात उतरत होता, कारण मुलगा प्रफुल माजरीकडे कोळशाच्या खाणीत ठेकेदाराच्या हाताखाली होता आणि पोळ्याला येऊन परत गेला होता.

रेडिओवरची बाई सांगत होती की बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला आहे आणि तो पश्चिमेकडे सरकतो आहे. पुढे तिने विदर्भाचं नाव घेतलं, आणि तेवढ्यात सेल उतरले. बाईचा आवाज घोगरा होत होत बुडाला.

पत्रूला तेवढंच पुरे होतं. तो दुकानदारही होता, तलाव समितीचा मुख्यही होता, आणि तलावाच्या अगदी पायथ्याला त्याची बारा एकर भारी धानाची बांधी होती, म्हणजे गावात शेवटचा शब्द त्याचाच. त्याने रेडिओच्या डोक्यावर दोन चापट्या मारल्या आणि निकाल देऊन टाकला.

“आयकलं का देवाजी? कमी दाबाचा हाय म्हणते. दाबून येत नाई तो. झिमझिम येईन अन् जाईन.”

फळीवरच्या सगळ्यांना ते पटलं. पटणारच. या मुलखात माणूस दाबून जेवतो, पोतं दाबून भरतो, आणि पाऊस आला तर दाबून येतो. मग ज्याचा दाबच कमी, तो काय येणार? देवाजीलाही पटलं. खरं सांगायचं तर त्याला ते पटवूनच घ्यायचं होतं.

कारण गेल्या साली याच दिवसांत रेडिओ मुसळधार म्हणाला होता. देवाजी घाबरला आणि कोणाला न विचारता त्याने तलाव मोकळा केला. दोन हात पाणी गेलं. आणि पाऊस सिरोंच्यावरून परस्पर आंध्रात उतरला, इकडे थेंब नाही. आश्विनात धान पोटरीत आलं तेव्हा तलावात चिखल उरला होता. पत्रूच्या बारा एकरांतलं धान उभ्याउभ्या पोचट झालं. पाणकराला दर शेतकऱ्याने खळ्यावर धान मोजून द्यायची रीत आहे. पत्रूने ती मोडली नाही. त्याने उफणलेल्या पोचटाच्या ढिगातून देवाजीची टोपली भरली आणि सगळ्यांसमोर म्हणाला की हे तू सोडलेल्या पाण्याचं धान. देवाजीने ती टोपली डोक्यावर घेतली आणि गावातून घरापर्यंत आणली. गुणाबाईने एक शब्द न बोलता ते कोंबड्यांपुढे टाकलं.

त्यानंतर समितीने दोन गोष्टी केल्या. पाच जणांनी हो म्हटल्याशिवाय तुडुमाला हात लावायचा नाही असं ठरवलं. तुडूम म्हणजे तलावातलं पाणी खाली शेतात सोडायची जागा. आणि दुसरं म्हणजे सलंग, जिथून जास्तीचं पाणी आपोआप नाल्यात सांडून जातं, तिच्यावर सिमेंटची हातभर भिंत चढवली. तेवढंच पाणी जास्त साठेल, हा हिशोब. हिशोब बरोबरच होता. फक्त पाणी हातभर चढलं आणि पार, म्हणजे तलावाचा बांध, होती तेवढीच राहिली, हे कोणी धरलं नाही. पारीच्या मधोमध एक जुना आंबा कुजून पडला होता. त्याच्या मुळांच्या जागेतून पाणी बारीक झिरपत होतं. आणि त्या जागेच्या बरोबर खाली खालच्या टोल्याची, म्हणजे खालच्या वस्तीची, तेरा घरं होती, पहिलं घर सोमारी म्हातारीचं.

देवाजी घरी येऊन जेवायला बसला आणि हातपाय सैल सोडून त्याने गुणाबाईला रेडिओची बातमी सांगितली. सांगताना तो हसला. भिंतीपलीकडे चुलीपाशी त्याची सून दिव्यानी भाकर थापत होती, ती थापायची थांबली.

लग्नाला दीड वर्ष झालं होतं, पण सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नव्हती. ती रीतच नव्हती. तिला सासऱ्याला काही सांगायचं असलं तर ती सासूला सांगे, आणि सासू तीन हातांवर बसलेल्या नवऱ्याला तेच पुन्हा सांगे. मधे भिंतही धड नव्हती, कुडाची होती, सगळं आरपार ऐकू यायचं. तरी देवाजी बायकोकडून ऐकेपर्यंत न ऐकल्यासारखा बसे. एरवी या रीतीने कोणाचं अडत नव्हतं, मीठ संपलं आणि गाय व्याली एवढं त्यातून नीट पोचायचं. आज मात्र भूगोल पोचवायचा होता.

दिव्यानी सासूला हळू आवाजात सांगू लागली. समुद्राचं पाणी तापलं की त्यावरची हवा हलकी होऊन वर जाते. खाली हवेचा दाब कमी होतो. तो हवेचा दाब, पावसाचा नाही. मग चहूकडचा वारा त्या जागेकडे धावतो, समुद्राची वाफ घेऊन जमिनीवर येतो आणि पाऊस होऊन कोसळतो. तिने चुलीकडे बोट दाखवलं. जाळ लागला की धूर वर जातो, आणि दारातून गार वारा चुलीकडे येतो, तसंच.

गुणाबाईने पदर सारखा केला आणि नवऱ्याला सांगितलं, “ते म्हणते का तिकडं समुद्रात चूल पेटली हाय.”

देवाजीच्या घशात घास अडकला. “समुद्रात चूल?”

“अन् धूर इकडं येऊन राह्यला म्हणते.”

तो पाणी प्यायला आणि हसला. बारावी नापास पोरीने पाणकराला पाऊस शिकवावा म्हणजे झालं, असं तो ताटाकडे बघून म्हणाला. कुडापलीकडे कुजबुज झाली आणि गुणाबाईने तीही इमानाने पोचवली, “नापास ते विंग्रजीत झाली म्हणते. भूगोलात नाई.”

देवाजीने हात धुतला. राग आला होता, पण सुनेचा नव्हता. फळीवर बसून पटवून घेतलेलं आता पटत नव्हतं.

बुधवारी सकाळी तो पारीवर गेला तेव्हा वारा फिरलेला होता. दोन दिवस हवा मावळतीची होती, ती आता उगवतीकडून येत होती, आणि गार नव्हती, ओलसर आणि जड होती. अंगातली बंडी पाठीला चिकटत होती. पाण्यावर लाटा उलट्या दिशेने चालल्या होत्या आणि आंब्याच्या बाजूच्या पारीवर आपटत होत्या. देवाजीला समुद्र माहीत नव्हता. त्याने जन्मात मोठं पाणी पाहिलं ते वैनगंगेचं. पण उगवतीचा पाऊस काय असतो ते त्याला माहीत होतं. मावळतीचा पाऊस पाहुणा असतो, चहा पिऊन जातो. उगवतीचा तीन दिवस मुक्काम करतो. त्याच्या बापाने हेच सांगितलं होतं, आणि बापाला रेडिओ माहीत नव्हता.

तो पारीवर उकिडवा बसला आणि आंब्याच्या मुळात बोट घातलं. परवा करंगळी जायची तिथे आज अंगठा गेला. बाहेर येणारं पाणी गढूळ होतं. स्वच्छ पाणी झिरपतं, गढूळ पाणी पार खातं, एवढं कळायला बारावी लागत नाही.

तिथून तो थेट पत्रूकडे गेला. पाच जण बोलव, म्हणाला, वीतभर तरी पाणी काढू. दुकानात चारपाच माणसं होतीच. पत्रूचा पुतण्या झिंगू, तिशीचा गडी, तराजूत साखर मोजत होता. देवाजीने वारा सांगितला, मुळातलं गढूळ पाणी सांगितलं. सुनेचं मात्र सांगितलं नाही, लाज वाटली. पत्रूने सगळं ऐकून घेतलं. त्याचं धान अजून पोटरीत यायचं होतं, आणि गेल्या सालचं पोचट तो विसरला नव्हता. त्या बाबतीत त्याला दोष देता यायचा नाही.

“गेल्या साली जास्त म्हणे तं सोडलं,” पत्रू म्हणाला. “औंदा कमी म्हणे तं सोडतो. तुले सोड्याचंच येड लागलं का गा?”

दुकान हसलं. झिंगूही हसला आणि साखर सांडली. देवाजी फळीवरून उठला तेव्हा कोणीतरी मागून म्हणालं की म्हाताऱ्याला आता पाण्यात उतरवत नाही, म्हणून तलावच रिकामा करायला बघतो. तो वळला नाही. वळून काय करणार होता?

गुरुवारी पहाटेपासून पाऊस लागला. आणि तो झिमझिमच होता. पीठ चाळावं तसा बारीक, दिशा नसलेला. सगळा गाव घोंगड्या घेऊन बाहेर आला आणि देवाजी दिसला की आभाळाकडे हात करून म्हणू लागला, पाह्य गा, कमी दाब. पोरांनीसुद्धा ते उचललं. दुपारपर्यंत कमी दाब हे देवाजीचं नाव पडलं होतं. त्याने ते निमूट ऐकलं, पण तो दुकानाकडे गेला नाही, नाल्याकडे गेला.

हा नाला तलावाच्या सलंगेपासून निघतो आणि कोसभर जाऊन वैनगंगेत पडतो. देवाजीने काठावरची एक काडी पाण्यात टाकली. काडी जागच्या जागी फिरली आणि थांबली. त्याने दुसरी टाकली. ती हळूच मागे, गावाकडे आली. नाला उभा राहिला होता. नदी चढली होती आणि ती आता नाल्याचं पाणी घेत नव्हती. इथे झिमझिम असताना नदी चढते म्हणजे वर कुठेतरी, बालाघाटाकडे, भंडाऱ्याकडे, पाऊस दाबून पडत होता.

तो भिजत घरी आला आणि ओसरीवर बसला. गुणाबाईने टॉवेल दिला, तिला त्याने नाला उभा राहिल्याचं सांगितलं. त्याने बायकोकडे बघून, पण कुडापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं की तिच्या पुस्तकात आणखी काय होतं. गुणाबाई आत गेली, ऐकून आली आणि सांगू लागली की समुद्रातलं पाणी वाऱ्यावर बसून इथे येतं, इथे पडतं, मग नाल्यानं वैनगंगेत, वैनगंगेतून गोदावरीत, आणि गोदावरीतून परत त्याच समुद्रात जातं, असं म्हणते. तीस वर्षं देवाजी तुडूम उघडत होता आणि पाणी पत्रूच्या बांधीत जातं एवढंच त्याला माहीत होतं.

“अन् ते म्हणते,” गुणाबाई जरा अडखळली, “का दाब अजून कमी झाला तं पाऊस अजून कमी येईन.”

आत पातेलं जोरात खाली ठेवल्याचा आवाज झाला. आणि दिव्यानी बाहेर आली. डोक्यावर पदर होता, हाताला पीठ होतं. ती ओसरीच्या खांबापाशी उभी राहिली आणि सासऱ्याकडे न बघता, समोरच्या पावसाकडे बघत बोलली.

“मामाजी, कमी म्हणजे जास्त. दाब जितका कमी, पाऊस तितका मोठा.”

गुणाबाईचा हात तोंडाशी गेला. देवाजी मानही वर न करता बसला होता. तो आता उठून जाईल असं दोघींनाही वाटलं. तो उठला नाही.

“मंग हे झिमझिम काऊन?” त्याने विचारलं. सुनेलाच विचारलं.

“हे त्याच्या कडेचं हाय जी. मधला पाऊस मागं हाय.”

“किती मागं?”

“ते पुस्तकात नसते,” दिव्यानी म्हणाली. “तुमीच सांगतले ना आत्याबाईले, नाला उभा राह्यला म्हणून. मंग जवळच हाय.” मग तिचा आवाज उतरला. “पण मी चुकले तं?”

“चुकली तं पत्रू मले काढीन. तेवढंच होईन.” तो उभा राहिला आणि कोपऱ्यातली पहार उचलली. “अन् पार गेली तं सोमारी जाईन. दोर घे तो. प्रफुल नाई, दोर धराले कोणी पाह्यजे.”

गुणाबाई तोंडात मारल्यासारखी बघत राहिली. सासरा कमरेला दोर बांधून पाण्यात उतरणार आणि दुसरं टोक सुनेच्या हातात, असं त्या गावात कधी झालं नव्हतं. मग ती म्हणाली की थांबा, मी पण येते, आणि तिने दाराला कडी घातली.

तुडूम पारीच्या आतल्या अंगाला आहे. दगडाच्या पायऱ्या पाण्यात उतरत जातात, दर पायरीला एक भोक, आणि भोकात लाकडी दट्टा ठोकलेला. वरचा दट्टा उघडला की थोडं पाणी जातं, जितका खालचा उघडावा तितका लोंढा मोठा. पहिला दट्टा देवाजीने कमरेइतक्या पाण्यात उभं राहून पहारीने उचकटला. पारीच्या पलीकडे पाटात पाणी धडधडून पडलं. दुसऱ्यासाठी त्याला गळ्यापर्यंत जावं लागलं. पाणी थंड होतं, छातीत कळ आल्यासारखी झाली, आणि पायाखालच्या दगडावर शेवाळ होतं. दोनदा पाय निसटला. दोन्ही वेळा दोर ताणला गेला आणि वरून दोघी बायकांनी टाच रोवून धरला. दुसरा दट्टा निघायला अर्धा तास लागला.

पाटाचा आवाज पत्रूच्या दुकानापर्यंत गेला होता. तो छत्री घेऊन पळत आला, मागे झिंगू आणि आणखी पाचसहा. पत्रू धापा टाकत होता, आणि तो खरोखर घाबरला होता, आपल्या धानासाठी घाबरला होता. त्याने आधी गुणाबाईला, मग दिव्यानीला, मग दोराला बघितलं. शेवटी त्याने देवाजीला दट्टा परत लाव म्हणून सांगितलं. आत्ता लावला तर मी काही बोलणार नाही, विसरून जाऊ, असंही म्हणाला.

देवाजी गळ्याइतक्या पाण्यात उभा होता. हातात दुसरा दट्टा होता, मनगटाएवढा जाड, काळा पडलेला. त्याने तो पारीवरून पलीकडे फेकला. दट्टा पाटात पडला, एकदा उसळला आणि लोंढ्याबरोबर निघून गेला. दिव्यानीच्या पुस्तकाप्रमाणे तो आता समुद्राकडे निघाला होता.

“आता काय लावू?” देवाजी म्हणाला.

पत्रू दोराकडे झेपावला की नुसता पुढे आला हे पुढे गावात नीट ठरलं नाही. दिव्यानी जागची हलली नाही. दोर तिने हाताला गुंडाळून घेतला होता आणि हातातून रक्त येत होतं. “काकाजी, दोर सुटला तं मामाजी आत जाते,” ती म्हणाली. पत्रू थांबला. तो माणूस वाईट नव्हता, फक्त बारा एकरांचा होता.

तिसऱ्या दट्ट्यासाठी बुडी मारावी लागते. देवाजी चार वेळा खाली गेला. चौथ्यांदा वर आला तेव्हा त्याचे ओठ निळे होते आणि हातात दट्टा नव्हता, पण पाटाचा आवाज बदलला होता. त्याला पारीवर ओढून घेतलं तेव्हा तो उताणा पडून आभाळाकडे बघत राहिला. झिमझिम थांबली होती. उगवतीचं आभाळ जांभळाच्या रंगाचं झालं होतं आणि वारा एकदम पडला होता.

मग जो पाऊस आला त्याला या गावात अजून नाव नाही. गुरुवारच्या संध्याकाळपासून शनिवारच्या दुपारपर्यंत तो पडला. थेंब दिसत नव्हते, समोरचा माणूस दिसत नव्हता. शुक्रवारी सकाळी खालच्या टोल्याची तेरा घरं शाळेत आली, सोमारीला बाजेवर घालून आणलं. पारीवर माणसं आंब्याच्या मुळात चिखल आणि पळसाच्या फांद्या दाबत होती. देवाजी तापाने फणफणत होता तरी तिथे बसून सांगत होता, आणि सांगितलेलं करणाऱ्यांत झिंगू सगळ्यांत पुढे होता. तुडुमातून तीन तोंडांनी पाणी जात होतं तरी तलाव चढत होता. नाला उभाच होता, सलंगेवरून पाणी जेमतेम सांडत होतं. शनिवारी उजाडलं तेव्हा पाणी पारीच्या माथ्यापासून चार बोटांवर होतं. तिथे ते दुपारपर्यंत राहिलं. कोणी जेवलं नाही. मग ते एक बोट उतरलं.

रविवारी लख्ख ऊन पडलं. पार उभी होती. नदीचं पाणी मागे सरलं तेव्हा खालच्या बांध्या चिखलाने भरलेल्या दिसल्या, आणि तुडुमाच्या लोंढ्याने पत्रूची दीड एकर बांधी वाळूने बुजली होती. तलाव मात्र भरलेला होता, गुरुवारी होता त्यापेक्षाही जास्त.

सोमवारी पारीवरच बैठक बसली. पत्रू ओरडला नाही. त्याचं म्हणणं अगदी साधं होतं. पाच जणांना विचारायचं ठरलं होतं, विचारलं नाही. दीड एकर बुजली. आणि तलाव शेवटी भरलाच ना? देवाजी उठला, वाळलेल्या पाल्याची रेघ पारीच्या कडेला जिथे चिकटली होती तिथे हात ठेवला आणि म्हणाला की इथवर आलं होतं, चारच बोटं उरली होती.

“उरली होती ना?” पत्रू म्हणाला. “मंग सोडलं कायले?”

देवाजी उभाच राहिला. जे पाणी तीन तोंडांनी दोन दिवस गेलं ते असतं तर कुठवर आलं असतं, हे त्याला दिसत होतं. पण ते दाखवणार कसं? फुटलेली पार दाखवता येते. न फुटलेली पार नुसती पार असते. मागून सोमारी म्हातारी काठी टेकत म्हणाली की माझं घर आहे अजून, त्याला विचारा. दोन माणसं हसली, बाकीची खाली बघू लागली. त्यानंतरही पत्रूने देवाजीची पाणकी काढून झिंगूला द्यायला हात वर करायला सांगितले तेव्हा तेरा हात वर झाले, अठ्ठावीस माणसांत. बाकीच्यांनी हातही वर केले नाहीत आणि विरोधही केला नाही.

देवाजीने पहार झिंगूच्या हातात दिली. तीन पिढ्यांची वस्तू, पण त्याने ती पोचट धानाच्या टोपलीसारखीच शांतपणे दिली. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने पुसलंही नाही. दिव्यानी आणि गुणाबाई पारीच्या टोकाला उभ्या होत्या, त्यांच्याकडे तो चालू लागला.

“देवाजीबुवा,” मागून झिंगूने हाक मारली. त्याचं तोंड लाल झालं होतं. त्याने एकदा काकाकडे बघितलं आणि मग बघणं सोडून दिलं. “ते तिन्ही तोंडं अजून उघडीच हायत जी. पाणी चाललं. खालचं कसं बुजवतात ते मले ठाऊक नाई.”

पाटातून पाणी वाहत असल्याचा आवाज तेव्हा सगळ्यांच्या कानांवर आला. ते पाणी आश्विनात धानाला लागणारं होतं. अठ्ठावीस माणसांत तिसरा दट्टा पाहिलेला माणूस एकच होता, आणि त्याला त्यांनी आत्ताच मोकळं केलं होतं.

देवाजीला जाता आलं असतं. कोणी नावं ठेवली नसती. तो जरा वेळ सुनेच्या कापड बांधलेल्या हाताकडे बघत उभा राहिला, मग परत आला. बंडी काढून पारीवर ठेवली. नवा दट्टा कोणत्या लाकडाचा घ्यायचा, गवताची चुंबळ त्याला कशी गुंडाळायची, पाणी ओढत असताना हात भोकासमोर का धरायचा नाही, हे सगळं त्याने झिंगूला मोठ्याने सांगितलं, म्हणजे बाकीच्यांनाही ऐकू जाईल. दिव्यानीने न सांगता दोर आणला. गुणाबाईने एक टोक नवऱ्याच्या कमरेला बांधलं आणि दुसरं झिंगूच्या. पत्रूने दोराचा मधला भाग धरला, त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

दोघे पायरी पायरी उतरत गळ्याइतक्या पाण्यात गेले. तिथे देवाजी थांबला आणि झिंगूचं मनगट त्याने पाण्याखाली धरलं.

“इथवर सांगता आलं,” तो म्हणाला. “याच्या खालचं हातालेच समजते. दम घे.”